संमतीपत्रावर सही कोणाची?

मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतला एक तरुण पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या बांधून तात्पुरती सोय केली. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर, दौंडला त्यांचा व्यवसाय. त्यांनी मुलाला टॅक्सीत घालून दोनशे मैलांवर पुण्याला आणलं आणि एका सर्जनच्या हवाली केलं. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं द्यायचं ठरलं होतं, दिलं गेलं एकच. मग पुरती भूल न देता, तीन मदतनीसांनी पाय ओढून धरला आणि हाड बसवून प्लास्टर घातलं गेलं. हा प्रकार तासभर चालला होता. आता काळजीचं कारण नाही असा दिलासा मिळाल्यावर वडील दौंडला निघाले. त्याच रात्री मुलगा दगावला.

वडिलांनी दाद मागितली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 'डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल 1968 साली लागला. तीन हजार रुपयांची भरपाई कायम झाली. रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण भारतातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया या निकालाने घातला. डॉक्टरची तीन कर्तव्यं कोर्टाने सांगितली: रुग्ण हातात घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी.

तिन्ही कर्तव्यं रास्त आहेत. पण तिन्हींमध्ये ठरवणारा एकटा डॉक्टर आहे. पाय ज्याचा आहे त्याला काही विचारायचं असतं, ही गोष्ट त्या यादीत नाही. त्या काळी ती कुणाला खटकलीही नाही.

पुढचा प्रसंग दिल्लीचा, मे 1995 मधला. 44 वर्षांची एक अविवाहित स्त्री मासिक पाळीच्या त्रासासाठी एका क्लिनिकमध्ये गेली. दुर्बिणीतून तपासणी करायची ठरली, तिने त्या कागदावर सही केली. ती भुलीखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, आईची सही घेऊन आत गेल्या, आणि त्या स्त्रीचं गर्भाशय व दोन्ही अंडाशयं काढून टाकली गेली. शुद्धीवर आल्यानंतर तिला हे कळलं. 'समीरा कोहली' म्हणून वकिलांना आणि डॉक्टरांना परिचित असलेल्या या खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टाने 16 जानेवारी 2008 रोजी दिला. जिवाला तातडीचा धोका नव्हता. रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. अशा वेळी आईच्या सहीला काही किंमत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं. डॉक्टरला फी नाकारली आणि 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

या निकालातली अवघड गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टरने हे वाईट हेतूने केलं, असं कोर्टाने म्हटलं नाही. रुग्णाच्या भल्यासाठीच केलं असं मानलं, आणि भरपाई कमी ठेवण्यामागे तेही एक कारण होतं. म्हणजे चूक हेतूची नव्हती, कदाचित उपचाराचीही नव्हती. चूक एवढीच की तिला विचारलं नाही.

एवढीच? वैद्यकीय नीतिशास्त्राचा निम्माअधिक वाद या एका शब्दाभोवती फिरतो. परिणामांवरून कृतीची किंमत ठरवणारा म्हणेल, आजार गेला, दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली नाही, खर्च वाचला, मग बिघडलं कुठे? जर्मन तत्त्वज्ञ कांटचा अनुयायी म्हणेल, बिघडलं ते इथेच: माणसाचा निर्णय त्याच्या परस्पर घेतला की चांगल्या परिणामासाठी का होईना, त्याची वस्तू झाली. गंमत म्हणजे परिणामवाद्यांचा मोठा आचार्य जॉन स्टुअर्ट मिल इथे कांटच्या बाजूला येऊन बसतो. स्वतःच्या शरीरावर आणि मनावर व्यक्तीचीच सत्ता, निव्वळ तिच्या भल्यासाठी म्हणून तिच्यावर जबरदस्ती करता येणार नाही, ही त्याची 1859 मधली भूमिका.

अशी विरुद्ध टोकांची माणसं व्यवहारात एकाच निष्कर्षावर येतात, हे हेरून टॉम बोशाम्प आणि जेम्स चिल्ड्रेस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1979 साली एक पुस्तक लिहिलं आणि चार तत्त्वं मांडली. रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याला अपाय न करणं आणि न्याय. आज जगभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हीच चौकडी शिकवली जाते. तिच्यामागे अलाबामातल्या टस्कीगी इथली एक लाजिरवाणी कहाणीही होती. सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टर 1932 पासून नुसतं न्याहाळत राहिले. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते त्यांना दिलं नाही, आणि आपल्याला नक्की काय झालंय हेही सांगितलं नाही. 1972 मध्ये वृत्तपत्रांनी हे उघड केलं तेव्हा कुठे प्रयोग थांबला. नैतिकतेचे नियम बहुधा असे, कुणाची तरी जबर किंमत मोजून झाल्यावर येतात.

चार तत्त्वं पाठ करायला सोपी आहेत. ती एकमेकांच्या आड आली की कोणतं वर ठेवायचं, हे मात्र पुस्तक सांगत नाही. दिल्लीच्या त्या टेबलावर हित आणि स्वायत्तता समोरासमोर उभी होती आणि डॉक्टरने हित निवडलं. भारतातले बहुतेक डॉक्टर आजही तेच निवडतील, आणि बहुतेक नातेवाईक त्यांना साथ देतील.

कारण आपल्याकडे डॉक्टर बोलतात ते नातेवाइकांशी. 'पेशंटला सांगू नका, खचतील' हे वाक्य कर्करोगाच्या प्रत्येक वॉर्डाबाहेर ऐकू येतं. आजोबांना सोडून सगळ्या घराला ठाऊक असतं. आजोबांनाही कळलेलं असतं, पण ते घरच्यांना वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. ही आपली कुटुंबवत्सल संस्कृती, स्वायत्ततेचं खूळ पाश्चात्त्यांचं, असं यावर हमखास ऐकवलं जातं. त्याला परंपरेचा आधार काढता येतोही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात, रुग्णाचं आयुष्य संपत आलेलं दिसलं तरी ज्यामुळे त्याला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे ते बोलू नये, असं सांगितलं आहे. स्त्रीचा उपचार पती किंवा पालकाच्या गैरहजेरीत करू नये, असंही त्यात आहे. पण हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतही रुग्णापासून बरंच काही झाकून ठेवण्याचा सल्ला सापडतो. आणि फार मागे जायचीही गरज नाही. 1961 साली शिकागोतल्या एका रुग्णालयाच्या डॉक्टरांना विचारलं गेलं, तेव्हा सुमारे 90 टक्क्यांनी कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगणंच पसंत असल्याचं म्हटलं. 1979 मध्ये तोच प्रश्न दुसऱ्या एका अमेरिकी रुग्णालयात विचारला, तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत संस्कृती बदलत नसते. बदलले होते ते उपचार, कायदे आणि रुग्णांचा आवाज. तेव्हा 'आमच्याकडे चालत नाही' हे कारण तपासूनच घेतलेलं बरं.

कायद्याने तरी रुग्णाला पुढे बसवलं का? पूर्णपणे नाही. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारसंहिता पाहावी. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कोणाची घ्यायची, हे सांगणाऱ्या कलमात आधी पती किंवा पत्नी येते, मग अल्पवयीनाचे आईवडील किंवा पालक, आणि रांगेच्या शेवटी खुद्द रुग्ण. वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला तर नवराबायको दोघांची संमती हवी, असं तिथे लिहिलं आहे. 2023 मध्ये नवे नियम जाहीर झाले, पण काही आठवड्यांतच ते स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. याउलट 1971 चा गर्भपाताचा कायदा सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानतो. तरीही अनेक दवाखान्यांत 'मिस्टरांची सही आणा' असं सांगितलं जातं. कायदा मागत नाही ती सही डॉक्टर मागतात, कारण उद्या भांडायला येईल तो नवरा, असा त्यांचा अंदाज असतो. रुग्णाचा हक्क जपण्यासाठी जन्मलेला कागद अशा तऱ्हेने डॉक्टरचा विमा बनला आहे.

किती सांगायचं, यावरही समीरा कोहली निकालाने एक तडजोड केली. अमेरिकेत रुग्णाला कायकाय जाणून घ्यावंसं वाटेल, हे मोजमाप ठरलं होतं. त्याची मुळं 1914 सालच्या न्यूयॉर्कमधल्या निकालात आहेत. श्लोएन्डॉर्फ नावाच्या बाईंनी फक्त तपासणीला होकार दिला होता आणि भुलीखाली त्यांची गाठ काढली गेली. आपल्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला आहे, हे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्या वेळी सांगितलं. (बाई मात्र खटला हरल्या, कारण रुग्णालय धर्मादाय होतं. तत्त्व जिंकलं, फिर्यादी हरली!) भारताच्या कोर्टाने ही अमेरिकी वाट नाकारली आणि इंग्लंडची जुनी कसोटी घेतली: सामान्यतः एखादा जबाबदार डॉक्टर जेवढं सांगेल तेवढं पुरे. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण गरीब, अल्पशिक्षित, डॉक्टरवर विसंबणारे. सगळे दूरचे धोके ऐकवले तर घाबरून पळतील, असा विचार त्यामागे होता. पुढे 2015 मध्ये खुद्द ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने माँटगोमेरी खटल्यात ती कसोटी सोडून दिली. मधुमेह असलेल्या, लहान चणीच्या आईला नैसर्गिक प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका सांगितलाच नव्हता. तो नऊ-दहा टक्के होता. बाळाला कायमचं अपंगत्व आलं. ऐकल्यावर ती सिझेरियन मागेल, म्हणून सांगितलं नाही, असं डॉक्टरचं म्हणणं होतं! माहिती लपवण्याचं याहून प्रांजळ कारण सापडणं कठीण.

अल्पशिक्षित रुग्णाला कमी सांगावं, हा युक्तिवाद दयाळू वाटतो. त्याचा शेवट कुठे होतो, हे पाहायला बीडला जावं लागतं.

बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवराबायको मिळून एक कोयता. एखादा दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाण्याची मारामार. पहाटेपासून मोळ्या उचलणाऱ्या बाईला पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाड्यांची धास्ती. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून ती गावाकडे दवाखान्यात गेली की सोनोग्राफी होते आणि 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल' असं कानावर येतं. दोन मुलं झालेली असतात. पिशवी काढली की एक कटकट कायमची मिटेल, हे नवऱ्याला पटतं, मुकादमालाही पटतं, आणि तिलाही पटतं. ती सही करते. नाहीतर अंगठा.

2019 च्या जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या थोडं वर होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नसल्याने काटेकोर तुलना करता येणार नाही, पण एवढी दरी पद्धतीतल्या फरकाने भरून निघत नाही. कमी वयात पिशवी गेली, त्यातही अंडाशयंही काढली गेली, की हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. हे कितीजणींना सांगितलं गेलं असेल?

इथे चार तत्त्वांमधली एक उणीव उघडी पडते. कागदोपत्री प्रत्येक सही बाईची स्वतःची होती. दिल्लीच्या खटल्यात नव्हती ती गोष्ट बीडमध्ये होती. कोणी तिला बांधून नेलं नव्हतं. पण खाड्याची भीती, कर्करोगाची भीती, आणि औषधं-गोळ्यांनी भागू शकतं हे ठाऊक नसणं, या तिन्हींच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा होकार स्वायत्त म्हणायचा का? न्यायाचं तत्त्व यादीत शेवटी येतं म्हणून ते शेवटी हाताळायचं, असा समज झाला की हे घडतं. तिथे आधी न्याय हवा होता. संडास, पाणी, पाळीच्या दिवसांत पगारी सुट्टी आणि सरकारी दवाखान्यात बाई-डॉक्टर. ते असतं तर संमतीपत्र कदाचित कोरंच राहिलं असतं. बीडमध्ये त्यानंतर अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. 2023 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश दिला.

सही करू न शकणाऱ्यांचं काय? पुण्याच्या ससून रुग्णालयात 1994 साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा अनेकांनी त्यांनाच वेड्यात काढलं: सांभाळायला तुम्ही येणार आहात का? प्रश्न बोचरा होता, पण तो संस्थेच्या सोयीचा होता. मुलीच्या हिताचा नव्हता.

याच्या अगदी उलट टोकाला परळचं केईएम. तिथली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती पुढची 41 वर्षं वॉर्ड नंबर चारच्या बाजूच्या खोलीत पडून राहिली. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सुप्रीम कोर्टात अर्ज केला की तिला जबरदस्तीने भरवणं थांबवावं, शांतपणे जाऊ द्यावं. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, नाही, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळतो. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झालं नव्हतं. ज्याला अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळायचा अनुभव आहे, त्यालाच या वाक्याची किंमत कळेल.

7 मार्च 2011 रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. तिच्या वतीने बोलण्याचा हक्क तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकाराला नाही, तो तिची शुश्रूषा करणाऱ्यांना आहे, असं त्यांनी ठरवलं, अर्ज फेटाळला, पण हायकोर्टाच्या परवानगीने कृत्रिम जीवनाधार काढण्याची वाट इतरांसाठी खुली केली. कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने 1982 मध्ये एक मुद्दा मांडला होता की नैतिकता नुसत्या तत्त्वांतून ठरत नाही, कोण कुणाची काळजी वाहतं या नात्यांतूनही ठरते. परळमध्ये तो मुद्दा कोर्टात जिंकला, असं म्हणता येईल. तरी एक प्रश्न उरतोच. परिचारिकांचं प्रेम निर्विवाद होतं. पण अरुणाला काय हवं होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि विराणींनाही. ती 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेली.

ही कोंडी फोडायचा एकच मार्ग आहे: बोलता येतंय तोवर सांगून ठेवणं. 9 मार्च 2018 रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल', म्हणजे आपल्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र, वैध ठरवलं. त्याची प्रक्रिया मात्र इतकी किचकट होती की त्यावर दंडाधिकाऱ्याची सही लागत असे. 24 जानेवारी 2023 रोजी ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. आपण बोलू शकलो नाही तर कोणी बोलायचं, त्या एक किंवा अधिक जवळच्यांची नावं त्यात घालता येतात. वेळ आली की रुग्णालयातलं डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ, शक्यतो प्रत्येकी 48 तासांत मत देतं. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, पण ते ठेवायचं कुठे याचं उत्तर कुठल्याच कार्यालयाकडे नव्हतं. ते हायकोर्टात गेले, आणि 2024 मध्ये राज्यभरात चारशेहून अधिक अधिकाऱ्यांची ही कागदपत्रं सांभाळण्यासाठी नेमणूक झाल्याचं सरकारने सांगितलं.

वाचकाने स्वतःपुरतं एवढं करावं. पुढच्या वेळी शस्त्रक्रियेचा कागद समोर आला की सही करण्याआधी डॉक्टरांना विचारावं: हे नक्की काय करणार, याला दुसरा पर्याय कोणता, मोठे धोके कोणते, आणि नाहीच केलं तर काय होईल. यांची उत्तरं मिळणं हा समीरा कोहली निकालाने दिलेला हक्क आहे. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत मागावा. आपल्या तपासण्यांच्या आणि उपचारांच्या नोंदी मागितल्यावर 72 तासांत द्याव्या लागतात, हेही लक्षात ठेवावं. आणि पेशंट आपली आई असेल, ती शुद्धीवर असेल, तर सहीसाठी पेन तिच्या हातात द्यावं.